238 की 292? ‘ज्युरासिक पार्क’ वाचावं, बघावं, आणि पुढच्या भागांचं काय करावं

‘ज्युरासिक पार्क’ या कादंबरीत एक प्रसंग आहे. त्यात एकही डायनोसॉर समोर येत नाही, तरी मला तो सगळ्यांत भीतिदायक वाटतो. एका बेटावर प्रयोगशाळेत घडवलेल्या डायनोसॉरांचं उद्यान आहे, आणि त्याच्या नियंत्रण कक्षात मंडळी बसली आहेत. बेटावर किती प्राणी आहेत हे संगणक सारखं मोजत असतो. अपेक्षित 238, सापडले 238. सगळं आलबेल. गणितज्ञ इयन माल्कम म्हणतो, जरा 239 शोधायला सांगा. संगणक मुकाट्याने 239 दाखवतो. मग त्याला 300 शोधायला सांगतात, आणि आकडा 292 वर येऊन थांबतो. रॅप्टर, म्हणजे चपळ शिकारी डायनोसॉर, आठ असायला हवे होते, ते 37 निघतात.

संगणकाचं गणित चुकलेलं नव्हतं. 238 भरले की तो मोजणं थांबवायचा, एवढंच. कारण यंत्रणा बांधणाऱ्यांना धास्ती होती ती प्राणी कमी होण्याची, मरण्याची, पळण्याची. ते वाढतील हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळ्या माद्याच तयार केल्यात, मग वाढतील कसे?

चित्रपटात हा प्रसंग नाही. तिथे डायनोसॉरतज्ज्ञ ग्रँटला जंगलात फुटलेली अंडी दिसतात, डायनोसॉरांच्या डीएनएतल्या त्रुटी भरायला वापरलेल्या बेडकाच्या डीएनएमुळे काही माद्यांचे नर झाले असणार असं तो सोबतच्या दोन मुलांना सांगतो, आणि मिनिटभरात विषय संपतो. दोन तासांच्या चित्रपटाला हेच बरोबर. पण पुस्तक आणि पडदा यांच्यातला फरक मला विचाराल तर तो इथेच आहे. कादंबरीत भीती आकड्यांची आहे, चित्रपटात दातांची. तुम्ही दोन्हींपैकी काय घ्यावं, आणि पुढचे सहा चित्रपट आणि एक कादंबरी यांच्या वाटेला जावं की नाही, हे तुम्हाला यांतली कोणती भीती हवी आहे यावर ठरतं. (पुढे सगळ्यांचे शेवट फोडले आहेत. तीस वर्षांहून जुन्या गोष्टीबद्दल माफी मागत नाही.)

मायकल क्रायटनची कादंबरी 1990ची, स्टीव्हन स्पीलबर्गचा चित्रपट 1993चा. पटकथेवर क्रायटनचं आणि डेव्हिड केपचं नाव आहे. म्हणजे कापाकापीत मूळ लेखकाचाही हात होता, ‘पुस्तकाची वाट लावली’ असं म्हणायला फारशी जागा नाही. आपल्याकडे चित्रपट 1994 मध्ये हिंदीत डब होऊन आला. माझ्या पिढीतल्या बहुतेकांना डायनोसॉर आधी हिंदीतच भेटला, आणि पुस्तक, भेटलंच तर, पुढे केव्हातरी.

सगळ्यांत मोठा बदल उद्यानाचा मालक जॉन हॅमंड याच्यात आहे. पडद्यावर रिचर्ड ॲटनबरोने उभा केलेला आजोबा: पांढरी दाढी, पांढरे कपडे, हातात काठी, काठीच्या मुठीत अंबरमधला (जीवाश्म झालेल्या राळेतला) डास. उद्यान कोसळतंय, आणि हा वितळत चाललेलं आइस्क्रीम खात ग्रँटची सहकारी एली हिला तरुणपणीच्या पिसवांच्या सर्कशीची गोष्ट सांगतोय. आपल्याला त्याची दया येते.

कादंबरीतला हॅमंड वेगळाच माणूस आहे. गुंतवणूकदारांकडे जाताना तो एका पिंजऱ्यात मांजराएवढा हत्ती घेऊन जायचा. पिंजऱ्यावरचं पांघरूण दूर झालं की लोक खुळावायचे आणि पैसे द्यायचे. त्या हत्तीला सतत सर्दी व्हायची, वागणं उंदरासारखं झालं होतं, आणि तसा दुसरा हत्ती कोणाला करता आला नव्हता, हे मात्र हॅमंड सांगत नसे. औषधं का नाही बनवायची, यावर त्याचं उत्तर तयार आहे: औषध महाग विकलं तर सरकार आडवं येतं, करमणुकीची किंमत ठरवायला कोणी येत नाही. त्याचं मरणही याच तिरकस न्यायाचं. त्याची नातवंडं नियंत्रण कक्षात सहज चाळा म्हणून टी-रेक्सच्या डरकाळीचं रेकॉर्डिंग वाजवतात, हा बाहेर दचकून पळतो, उतारावरून घसरतो, पाय मुरगळतो, आणि कॉम्पी नावाचे कोंबडीएवढे डायनोसॉर त्याला खातात. तोवर त्याच्या मनात पुढच्या उद्यानाचे बेत चाललेले असतात.

चित्रपटाने हा माणूस गोड केला, आणि त्याबरोबर दोषही पातळ झाला. पडद्यावर पाहताना वाटतं, उद्यानाची संगणक-यंत्रणा लिहिणाऱ्या लोभी नेड्रीने कुंपणं बंद केली म्हणून अनर्थ झाला. पुस्तकात नेड्री लोभी आहेच, पण त्याची एक रास्त तक्रारही आहे: ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त काम त्याच्याकडून दमदाटीने फुकट करून घेतलेलं आहे. ज्यांनी कधी कंत्राटावर काम केलं असेल, त्यांना ती पानं वाचताना नेड्रीबद्दल जे वाटतं ते वाटू नये असं क्रायटनलाही वाटत नसावं.

दुसरी जागा विजेची. पुस्तकात बंद पडलेली यंत्रणा पुन्हा सुरू होते, दिवे लागतात, पडदे उजळतात, सगळे सुटकेचा श्वास टाकतात. काही तासांनी कळतं की हे सगळं राखीव जनित्रावर चाललं आहे, आणि त्याची वीज कुंपणांना जातच नाही. आपल्याकडे लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखा फिरत राहतो आणि लाइट गेलेत हे कोणाच्या लक्षातच येत नाही, थेट बॅटरी बसली की कळतं, अगदी तसं. फक्त इथे फ्रीजऐवजी रॅप्टरच्या पिंजऱ्याचं कुंपण बंद आहे. चित्रपटात हा धागा एखाद-दुसऱ्या वाक्यात उरकतो. पुस्तकात तो पोटात गोळा आणतो, कारण चूक कोणा खलनायकाची नाही. शहाण्या, दमलेल्या माणसांनी पडद्यावरची ओळ वाचलेली नाही, बस.

आता उलट बाजू, कारण ‘पुस्तकच भारी’ म्हणून मोकळं होणाऱ्यांतला मी नाही.

कादंबरीतली माणसं पुठ्ठ्याची आहेत. माल्कम जखमी होऊन मॉर्फिनच्या अंमलाखाली पडून राहतो आणि विज्ञानाच्या उद्दामपणावर पानंच्या पानं बोलतो. दुसऱ्यांदा वाचताना मी ती पानं सरळ उलटली. हॅमंडची नात लेक्स ही पुस्तकात लहान, किरकिरी मुलगी आहे. रॅप्टर मागे लागलेले असताना तिची कुरकुर ऐकून वाचकच कावतो. चित्रपटाने भावंडांची वयं उलटी केली, लेक्स मोठी झाली, संगणकाची आवड तिला मिळाली, भाऊ टिमकडे डायनोसॉर राहिले. दोघांनाही काम मिळालं. ग्रँटचंही तसंच. पुस्तकात त्याला मुलं आवडतातच, त्यामुळे त्याच्यात बदल घडायला जागाच नाही. चित्रपटात तो मुलांना वैतागणारा आहे आणि झाडावर दोघांना कुशीत घेऊन झोपेपर्यंत हळूहळू पाघळतो. पुस्तकात एली ग्रँटची विद्यार्थिनी आहे, तिचं लग्न दुसऱ्याशी ठरलेलं आहे. पडद्यावर ते जोडपं आहे. हा बदल मला ना आवडला ना खटकला.

आणि टी-रेक्सची ती रात्र. पाऊस, बंद पडलेल्या गाड्या, डॅशबोर्डवरच्या ग्लासमधल्या पाण्यावर उठणारी वर्तुळं. गाडीखाली गिटारची तार ताणून ती छेडत ही वर्तुळं उठवली होती. हल्ला सुरू होतो तेव्हा पार्श्वसंगीत नसतं, फक्त पाऊस, पत्रा आणि श्वास. हे शब्दांत येत नाही, क्रायटनच्याही आलेलं नाही. सव्वादोन तासांहून थोड्या कमी लांबीच्या या चित्रपटात डायनोसॉर एकूण पाव तासच दिसतात हे कळलं तेव्हा मी चाट पडलो होतो.

कोण जगतं, कोण मरतं याची यादी मात्र दोन्हीकडे इतकी वेगळी आहे की एक पाहिलं म्हणून दुसऱ्यातली उत्कंठा कमी होत नाही. पडद्यावर संडासात बसून टी-रेक्सच्या तोंडी जाणारा वकील जेनारो पुस्तकात बऱ्यापैकी धीट आहे आणि वाचतो. शिकारी मल्डून पुस्तकात वाचतो, पडद्यावर मरतो. वैज्ञानिक वू याच्या उलट. हॅमंडचं सांगितलंच. आणि माल्कम, पुस्तकाच्या शेवटी मेलेला आहे.

म्हणजे, होता. खरी गंमत इथून पुढे आहे.

चित्रपट तुफान चालला, जेफ गोल्डब्लमचा माल्कम लोकांना आवडला. क्रायटनने 1995 मध्ये ‘द लॉस्ट वर्ल्ड’ लिहिली, तेव्हा माल्कम जिवंत. मेल्याची बातमी घाईची होती, शल्यविशारदांनी वाचवला, लंगडतो एवढंच. कादंबरीचं नाव आर्थर कॉनन डॉयलच्या 1912च्या कादंबरीवरून घेतलेलं आहे. मेलेल्या होम्सला परत आणणाराही तोच, तेव्हा उसनवारी नावापुरती नाही. पण हॅमंड मात्र या दुसऱ्या कादंबरीत मेलेलाच आहे. म्हणजे पुस्तकाचा पुढचा भाग अर्धा पहिल्या पुस्तकाशी इमान राखतो, अर्धा चित्रपटाशी. क्रायटनने आयुष्यात लिहिलेला हा एकच उत्तरभाग, आणि त्याचं मन त्यात नव्हतं असं मला वाटत राहतं.

1997चा दुसरा चित्रपट या कादंबरीतून किती घेतो? दुसरं बेट, प्राणी-अभ्यासक सारा हार्डिंग, पाय मोडलेलं टी-रेक्सचं पिल्लू, आणि त्यासाठी आलेल्या आईबापांनी कड्यावरून ढकललेला ट्रेलर, म्हणजे मोहिमेची राहण्याची गाडी. काचेवर पडलेली सारा, खाली समुद्र, काचेला हळूहळू जाणारे तडे: यासाठी हा चित्रपट एकदा बघावाच. बाकी शिकाऱ्यांची टोळी आणि सॅन दिएगोच्या रस्त्यावर फिरणारा टी-रेक्स कादंबरीत नाहीत. आणि कादंबरीतला रंग बदलून पार्श्वभूमीत मिसळणारा कार्नोटॉरस, तिची खरोखर थरकाप उडवणारी पानं, चित्रपटात नाहीत.

पण त्या चित्रपटाची सुरुवात आठवा. किनाऱ्यावर बोमन नावाचं श्रीमंत कुटुंब, छोट्या मुलीभोवती जमणारे कॉम्पी. ती आली आहे पहिल्या कादंबरीच्या सुरुवातीच्या पानांतून. आडनावसुद्धा तेच. 2001च्या तिसऱ्या चित्रपटाला कोणतीही कादंबरी आधार म्हणून नाही, तरी त्यातला धुक्यातला प्रचंड पक्षीपिंजरा पहिल्या कादंबरीतला आहे. 2015च्या ‘ज्युरासिक वर्ल्ड’मध्ये वू म्हणतो की इथलं काहीच नैसर्गिक नाही, लोकांना हवं ते आम्ही बनवतो, हा वाद वू आणि हॅमंड 1990च्या पानांवर घालून बसले आहेत. तिथे वूला जरा संथ, माणसाळलेले डायनोसॉर बनवायचे असतात आणि हॅमंडला ‘खरे’ हवे असतात. आणि 2025च्या ‘रिबर्थ’मध्ये नदीकाठी झोपलेल्या टी-रेक्सजवळून हवेची होडी काढण्याचा जो प्रसंग आहे, तो पहिल्या कादंबरीत ग्रँट आणि दोन मुलांचा. पस्तीस वर्षं थांबला बिचारा.

म्हणजे पहिल्या चित्रपटातून जे वगळलं, त्या शिल्लक मालावर पुढच्या चित्रपटांनी आपली गुजराण केली. फडताळातून एकेक बरणी काढत गेले. प्रसंग नेले, पण ज्या हिशेबाच्या भीतीने ते प्रसंग एकमेकांना बांधलेले होते ती कोणी नेली नाही. म्हणून पुढच्या भागांत प्राणी मोठे होत जातात आणि धाक कमी होत जातो.

तर ठरवायचं असं. काहीच पाहिलं-वाचलं नसेल तर आधी 1993चा चित्रपट, आणि शक्यतो मोठ्या पडद्यावर किंवा निदान अंधाऱ्या खोलीत, मोबाइलवर नको. मग पहिली कादंबरी. उलट क्रमाने गेलात तर चित्रपटभर ‘हे का गाळलं’ हेच मनात चालू राहतं, मी तसं करून बसलेल्या दोघांना ओळखतो. संगणकाच्या पडद्यावरच्या जुनाट आज्ञावल्या आणि तक्ते पुस्तकात जागोजागी छापलेले आहेत. ज्यांना ऑफिसात अशाच गोष्टींशी झुंजावं लागतं त्यांना तेच जास्त रंगेल. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या हाती पुस्तक देण्याआधी स्वतः वाचा. नेड्रीचा मृत्यू पडद्यावर धुरकट काचेआड होतो, पुस्तकात नाही. आणि पाळण्यातल्या बाळांचा एक उल्लेख आहे तो मोठ्यांनाही सोसत नाही.

दुसरी कादंबरी माल्कमच्या बोलण्याचे भक्त असाल तरच. दुसरा चित्रपट कड्यावर लटकलेल्या त्या ट्रेलरसाठी. तिसरा दीड तासाचा आहे, रविवारी दुपारी जेवण अंगावर आल्यावर चालेल. त्यापुढचं मुलं हट्ट करतील त्याप्रमाणे.

आणि पहिल्या कादंबरीची शेवटची काही पानं घाईने उरकू नका. चित्रपटात हेलिकॉप्टर उडतं, खिडकीबाहेर पाणपक्षी, संगीत, संपलं. पुस्तकात कोस्टारिकाचं हवाई दल बेट बेचिराख करतं, वाचलेल्यांना हॉटेलात अडकवून ठेवतात, आणि एक माणूस ग्रँटला भेटून सांगतो की मुख्य भूमीवर, आत डोंगरांच्या दिशेने, कसले तरी प्राणी सरळ रेषेत पिकं खात निघाले आहेत. खातात तेही निवडून: सोयाबीनसारखं लायसिन भरपूर असलेलं. बेटावरचे डायनोसॉर जगू नयेत म्हणून त्यांना मुद्दाम ज्या एका घटकासाठी परावलंबी ठेवलं होतं, तोच हा घटक. डायनोसॉर मुख्य भूमीवर मोकळे सुटून पसरणं चित्रपटांत यायला 2018 उजाडलं.