गेम बॉय ॲडव्हान्सचं आयपीएस किट: चित्र उत्तम, पण आधी पॉवर स्विच साफ करा

२००१ साली आलेल्या गेम बॉय ॲडव्हान्सची, म्हणजे निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या कन्सोलची, एक गोष्ट तेव्हाही खटकायची आणि आजही खटकते: स्क्रीनला स्वतःचा उजेड नाही. २.९ इंची, २४० बाय १६० पिक्सेलचं ते पॅनेल बाहेरच्या प्रकाशावर चालतं. खिडकीशी बसलं तर ठीक, रात्री ट्यूबलाइटखाली मात्र कन्सोल तिरका धरून कोन शोधत बसावं लागतं. 'कॅसलव्हेनिया: सर्कल ऑफ द मून' हा गेम तर या अंधारापायीच बदनाम झाला. यावरचा उपाय म्हणजे ३ इंची, ७२० बाय ४८० पिक्सेलचं आयपीएस किट: जुन्या स्क्रीनच्या जागी बसवायचं, मागून स्वतःचा उजेड (बॅकलाइट) असलेलं नवं पॅनेल आणि त्याचा छोटा बोर्ड. त्याची दुसरी आवृत्ती, म्हणजे सगळे जिला व्ही-टू म्हणतात ती, इथे पाहू.

या किटचं चित्र इतकं स्वच्छ का येतं, हे आधी समजून घेतलेलं बरं, कारण पुढचे निम्मे बिघाड त्यातूनच उलगडतात. टीव्हीला जोडायच्या जुन्या कन्सोलमध्ये सिग्नल ॲनालॉग असतो आणि वाटेत मळतो. इथे तसं नाही. प्रोसेसर स्क्रीनच्या रिबनवर (स्क्रीन बोर्डाला जोडणारी तारांची चपटी पट्टी) लाल, हिरवा, निळा यांचे प्रत्येकी ५ बिट थेट पाठवतो. म्हणजे रंगांच्या १५ तारा, शिवाय क्लॉक आणि ओळी-फ्रेमच्या खुणा. एकूण ३२,७६८ रंग. किटचा छोटा बोर्ड हा डेटा वाचतो आणि प्रत्येक मूळ पिक्सेलचा ३ बाय ३ चा चौकोन करतो. २४० चे ७२०, १६० चे ४८०. गुणोत्तर पूर्णांकात बसल्यामुळे अक्षरांच्या कडा कुठेही जाड-बारीक होत नाहीत. पहिल्या आवृत्तीत वेगाने सरकणाऱ्या दृश्यात चित्र तिरकं फाटल्यासारखं दिसायचं. कन्सोल सेकंदाला ५९.७३ फ्रेम देतो, त्याच्याशी पॅनेलचा मेळ बसत नव्हता. व्ही-टूमध्ये ही अडचण गेली, म्हणून स्वस्तात मिळते म्हणून जुनी आवृत्ती घेऊ नका.

आता स्विच. किट हातात आल्यावर पहिला मोह स्क्रीन लावून बघण्याचा होतो, तो आवरा. मूळ स्क्रीनला बॅकलाइट नसल्याने तिचा विजेचा खर्च अगदी किरकोळ होता, त्यामुळे वीस-पंचवीस वर्षांचा काळा पडलेला स्विचही निभावून न्यायचा. आयपीएस पॅनेल जास्त करंट ओढतं. स्विचच्या संपर्कात समजा १ ओहम रोध साचला असेल आणि २०० मिलीअँप करंट जात असेल, तर ०.२ व्होल्ट तिथेच संपला. दोन रिचार्जेबल सेलचे मिळून २.४ व्होल्ट, त्यातला इतका हिस्सा गेला की हिरवा दिवा लगेच लाल होतो, ब्राइटनेस वाढवला की कन्सोल बंद पडतो, आणि दोष बिचाऱ्या किटला लागतो. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या कन्सोलमध्ये हे हमखास आढळतं.

करायचं ते असं: सेल काढा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार-पाच थेंब स्विचच्या सरकत्या दांडीच्या फटीत सोडा आणि दांडी तीस-चाळीस वेळा पुढेमागे करा. पहिल्या खेपेला बाहेर येणारा द्रव राखाडी दिसेल. तो कापसाच्या काडीने टिपा आणि स्वच्छ द्रव येईपर्यंत हेच करा. पूर्ण वाळू द्या. नंतर कन्सोल चालू असताना मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून स्विचच्या आतल्या-बाहेरच्या टोकांना लावा. आकडा काही मिलिव्होल्टमध्येच असायला हवा. साफ करूनही उतरत नसेल तर स्विच बदला, सुटा मिळतो. सेलच्या पत्र्यांवर अल्कलाइन सेलचा पांढरा-हिरवा थर असेल तर आधी व्हिनेगरने पुसा, मग अल्कोहोलने.

उघडायला ट्रायविंग, म्हणजे तीन पाकळ्यांच्या टोकाचा, स्क्रूड्रायव्हर लागतो. एक फिलिप्स स्क्रू बॅटरीच्या खणात लपलेला असतो, तो विसरून मागची बाजू ओढू नका. बोर्ड दिसला की स्क्रीनच्या कनेक्टरच्या टोकाशी छापलेला आकडा पाहा: ४० किंवा ३२. जुन्या बोर्डांना ४० पिनचा, नंतरच्यांना ३२ पिनचा कनेक्टर आहे. किटसोबत दोन्हींची सोय येते, पण विक्रेत्याकडे खात्री करूनच मागवा.

कनेक्टरचं कुलूप ही या कामातली सगळ्यात नाजूक जागा. गडद रंगाची प्लॅस्टिकची पट्टी असते आणि तिच्या दोन टोकांना नखाएवढे कान. एक कान पूर्ण बाहेर ओढून मग दुसरा ओढला तर पहिला तुटतो. डावीकडे अर्धा मिलिमीटर, मग उजवीकडे अर्धा, असं आळीपाळीने सैल करा. रिबन सरळ, तळाला टेकेपर्यंत घाला आणि कुलूपही तसंच दोन्हीकडून थोडं थोडं दाबा. सेल बसवलेले असताना रिबन काढू-घालू नका. मूळ पॅनेलसाठी बोर्डावर सेलच्या कितीतरी पट व्होल्टेज तयार होतं आणि ते याच रिबनमधून जातं. तिरकी रिबन ते भलत्या तारेवर नेऊ शकते.

बॉडी बंद करण्याआधी चाचणी घ्या. पडदा नुसता पांढरा किंवा काळा राहिला तर रिबन पूर्ण बसलेली नाही किंवा पिनची जोडणी चुकीची आहे. चित्र येतं पण आकाश हिरवट, त्वचा निळसर, किंवा सौम्य छटांच्या जागी पट्टे दिसतात? मग १५ पैकी एखादी तार टेकलेली नाही. एका रंगाचा सगळ्यात वजनदार बिट गेला की तो रंग निम्म्यावर येतो. पॅनेल बिघडलं असं समजून परत पाठवण्याआधी रिबन काढून, टोकं अल्कोहोलने पुसून पुन्हा बसवा.

ब्राइटनेससाठी बोर्डावर 'टीपी' आणि आकडा छापलेल्या ठिपक्यांना तीन तारा जोडायच्या: सिलेक्टची टीपी-२ वर, आर बटणाची टीपी-८ वर, एल बटणाची टीपी-९ वर. सिलेक्ट दाबून धरून एल किंवा आर दाबलं की उजेड कमी-जास्त होतो. ३० गेजची तार, बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न ३२० ते ३५० अंशांवर, आधी फ्लक्स (सोल्डर नीट धरावा म्हणून लावायचा लेप), आणि तारेच्या टोकाला आधीच सोल्डर चढवून ठेवा, म्हणजे बोर्डावर एका सेकंदाचा स्पर्श पुरतो. जास्त वेळ टेकवलं तर ठिपका उखडून हातात येतो. सोल्डर करायचंच नसेल तर तारा सोडून द्या. स्क्रीन चालते, फक्त उजेड एकाच पातळीवर राहतो. फ्लक्स, तार, कॅप्टॉन टेप (वीज न वाहणारी, उष्णता सोसणारी चिकटपट्टी) या वस्तू मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतात. त्या किटसोबत परदेशातून मागवण्यात अर्थ नाही.

मूळ बॉडीच वापरायची तर कापाकापी आलीच. पॅनेल मोठं आहे आणि आतल्या बाजूला जुन्या स्क्रीनभोवतीच्या भिंती आडव्या येतात. सपाट कापणीच्या पकडीने थोडं थोडं छाटा, मग कटर आणि कानस. एकदम मुळाशी कापलं तर समोरच्या प्लॅस्टिकवर पांढरा डाग उमटतो, तो जात नाही. पॅनेलच्या मागे कॅप्टॉन टेपचे दोन थर द्या, नाहीतर किटचा बोर्ड मुख्य बोर्डावरच्या भागांना टेकतो. बंद करताना बॉडी जोर लावूनच मिटत असेल तर आत काहीतरी दाबलं जातंय. स्क्रू आवळून ते बसवू नका, पॅनेलचा कोपरा जातो. पहिल्यांदाच करणाऱ्याने आधीच कापलेली नवी बॉडी घ्यावी हे आमचं स्पष्ट मत. बटणांचा स्पर्श मूळ बॉडीइतका छान नसतो, पण बटणांखालचे रबर जुनेच वापरले की बराच फरक भरून निघतो.

काच पॅनेलला चिकटवलेली लॅमिनेटेड आवृत्तीही मिळते. धूळ आत शिरायचा प्रश्न मिटतो आणि रंग काचेवरच उमटल्यासारखे दिसतात, मात्र काच फुटली तर अख्खं पॅनेल बदलावं लागतं.

उणिवा दोन. ब्राइटनेसच्या काही पायऱ्यांवर स्पीकरमधून बारीक गूं ऐकू येते. तारा आवाज कमी-जास्त करायच्या चकतीपासून दूर नेल्या की कमी होते, पूर्ण जात नाही. हेडफोन लावणाऱ्यांना ती जाणवेल. दुसरं, मूळ पॅनेल सुस्त असल्याने एकाआड एक फ्रेमला सावली दाखवून पारदर्शकपणा भासवणारे गेम त्यावर गुळगुळीत दिसायचे. आयपीएसवर ती सावली लुकलुकते. तसंच अंधाऱ्या स्क्रीनसाठी मुद्दाम भडक केलेले रंग इथे जरा जास्तच भडक वाटतात. ज्यांना हे खुपतं त्यांनी गेम बॉय ॲडव्हान्स एसपीच्या एजीएस-१०१ मॉडेलमधलं बॅकलाइट पॅनेल शोधावं. ते २४० बाय १६० चंच आहे, स्वभाव मूळ स्क्रीनच्या जवळचा. पण ते जुन्या कन्सोलमधूनच काढावं लागतं, आणि त्यासाठी धडधाकट एसपी मोडणं आम्हाला पटत नाही.

सेल २००० मिलीअँप-अवर किंवा त्याहून मोठे निकेल मेटल हायड्राइड वापरा. मूळ कन्सोल दोन सेलवर सुमारे १५ तास चालायचा; आता तेवढ्याची अपेक्षा नको, पूर्ण उजेडावर तर नकोच. फ्लॅश कार्ट्रिज (मेमरी कार्डवरचे गेम चालवणारं कार्ट्रिज) वापरत असाल तर ब्राइटनेस मधल्या पायरीवर ठेवा, कारण ते कार्ट्रिजही करंट ओढतं आणि सेल उतरत आले की सेव्ह होत असतानाच कन्सोल बंद पडू शकतो.