बार्सिलोना, पवई की घरूनच? संगीत-तंत्रज्ञान संशोधनाशी जोडून घेण्याचे रस्ते

तबल्याच्या परीक्षा दिलेला आणि इंजिनिअरिंगही करणारा मुलगा किंवा मुलगी नाशकात शोधायला फार फिरावं लागत नाही. यातल्या बऱ्याच जणांची समजूत अशी, की संगीत-तंत्रज्ञानाच्या संशोधन केंद्रात शिरायचं तर परदेशी ॲडमिशन, व्हिसा आणि डोक्यावर कर्ज. तो एक रस्ता आहे खरा, पण माझ्या मते तो शेवटी धरावा.

तरी आधी त्याचंच बघू. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात १९९४ पासून म्युझिक टेक्नॉलॉजी ग्रुप आहे. तिथला ‘साउंड अँड म्युझिक कम्प्युटिंग’ हा मास्टर्स एका वर्षाचा आणि इंग्रजीतून. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचं ‘कर्मा’ हे संगीत-संगणन केंद्र त्याहून जुनं, १९७५ चं. तिथल्या जॉन चाउनिंग यांची एफएम सिंथेसिस, म्हणजे एका ध्वनिलहरीने दुसरी हलवून नवे आवाज घडवायची पद्धत, यामाहाच्या डीएक्स-७ या सिंथेसायझरमधून जगभर वाजली. कर्माच्या उन्हाळी कार्यशाळा बाहेरच्यांनाही खुल्या असतात. पण आठवडाभरासाठी कॅलिफोर्नियाचं विमानभाडं मोजणं मला तरी पटत नाही. तेवढे पैसे जायचेच असतील तर पदवीसाठी जावेत.

पवई जवळची. पंचवटी एक्स्प्रेसने ठाणे, तिथून लोकलने कांजूरमार्ग. आयआयटी मुंबईच्या इलेक्ट्रिकल विभागात प्रा. प्रीती राव यांच्या गटाने हिंदुस्थानी संगीतावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. संगणकाच्या मदतीने वेगवेगळ्या संस्कृतींच्या संगीताचा अभ्यास करणाऱ्या बार्सिलोनाच्या ‘कॉम्पम्युझिक’ प्रकल्पातही आयआयटी मुंबईचा सहभाग होता. अडचण एवढीच, की एमटेकला बहुतेकांना गेट ही प्रवेश परीक्षा लागते, आणि नुसत्या रागज्ञानावर तिथे दार उघडत नाही.

उरलं घरून करायचं काम, आणि नाशिककराची खरी बाजू इथेच भक्कम आहे. विलंबित एकतालाचं एक आवर्तन मिनिटभरही चालतं. पाश्चात्त्य गाण्यांवर तयार झालेली ठेका ओळखणारी सॉफ्टवेअर तिथे गडबडतात. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे आली हे सांगायला कानच लागतो. ‘सराग’ या खुल्या संग्रहात हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताची रेकॉर्डिंग आहेत, सोबत षड्ज, सम यांच्या खुणाही. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाचं ‘सोनिक व्हिज्युअलायझर’ हे रेकॉर्डिंग पडद्यावर बघून त्यावर खुणा करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात एक रेकॉर्डिंग उघडा, ऐकता ऐकता प्रत्येक समेवर कळ दाबा, मग आपल्या खुणा संग्रहातल्या खुणांशी ताडून बघा. जिथे जुळत नाहीत तिथे चूक कोणाची हे शोधताना जे कळतं, ते वर्गात क्वचितच कळतं.

कोड येत असेल तर बार्सिलोनाचीच ‘इसेन्शिया’ ही ध्वनी-विश्लेषणाची खुली सॉफ्टवेअर लायब्ररी आहे. गायकाचा षड्ज ओळखायचा खास अल्गोरिदम तिच्यात आहे, कारण आपल्याकडे सा प्रत्येकाचा वेगळा. आपल्या गुरुजींच्या रेकॉर्डिंगवर (अर्थात त्यांना विचारून) तो चालवा आणि कुठे फसतो ते नोंदवा. पायथनची सवय नसेल तर आधी त्याच गटाचा कोर्सेरावरचा दहा आठवड्यांचा ऑडिओ सिग्नल प्रोसेसिंगचा कोर्स बघा. गणित थोडं घासून घ्यावं लागेल.

कोड नको, खुणा नकोत, तर ‘फ्रीसाउंड’ हा आवाजांचा ऑनलाइन संग्रह. तोही २००५ पासून याच गटाचा. तिथे गाणी नव्हे, सुटे आवाज चढवायचे: टिपरूचा एकेक घाव, ताशाची तर्री. नाशिक ढोल फोनने अगदी जवळून रेकॉर्ड केला तर आवाज फाटतो. दहा-पंधरा फूट मागे सरका, डब्ल्यूएव्ही फाइल ठेवा, आधी-नंतर दोन सेकंद शांतता सोडा. वर्णनात वाद्य, जागा आणि अंतर लिहा, आणि परवाना विचार करून निवडा; सीसी-झिरो दिला की त्या आवाजावरचा हक्क सोडलाच. मात्र नुसते आवाज चढवून कोणी तुम्हाला संशोधक म्हणणार नाही.

मग निवडायचं काय? गाणारे-वाजवणारे असाल तर समेच्या खुणांपासून सुरुवात करा. तिसऱ्या वर्षाचे इंजिनिअर असाल तर इसेन्शिया आणि सोबत गेटचा अभ्यास. बार्सिलोनाचा अर्ज यातलं एखादं काम दाखवण्याजोगं झाल्यावरच भरा. प्राध्यापकांना मेल टाकायची असेल तर ‘मला संगीताची आवड आहे’ हे वाक्य गाळा आणि त्या कामाची लिंक पहिल्या ओळीत द्या.