फोटोत बेल्ट, गाडीत दोरी

गोव्यात बेतोडा-कुंडईच्या औद्योगिक वसाहतींकडे जड माल मागवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं, कारण आमच्या ट्रान्सपोर्टवाल्याचं दुकान अजून जोरात चालू आहे.

आमच्या फोंड्याच्या प्रेससाठी पुण्यात एक जुनं पण धडधाकट पेपर कटिंग मशीन घेतलं. दीड टनाचं धूड, सगळं बिडाचं. ट्रान्सपोर्टवाल्याने बंद कंटेनरचं कोटेशन दिलं: भाडं २४,००० रुपये, वर ‘लॅशिंग’चे, म्हणजे माल बांधायचे, ३,५०० आणि ‘इन्शुरन्स’चे ५,०००. वरचे दोन्ही आगाऊ. गाडी भरली त्या रात्री व्हॉट्सॲपवर फोटो आला. चार कोपऱ्यांतून तिरके ओढलेले जाड रॅचेट बेल्ट (खटक्याने ताणून घट्ट करायचे पट्टे), पायाशी ठोकलेले लाकडी ठोकळे, मागे प्लायवूड मारलेली भिंत. बघून समाधान वाटावं असंच काम. आणि फोटो खराच होता. लबाडी त्यानंतरची.

फोंड्यात दार उघडलं तर मशीन केबिनकडच्या भिंतीला तिरकं टेकलेलं. फरशीवर लोखंडी पायांचे ओरखडे थेट पुढपर्यंत, मशीनच्या टेबलाला कोपऱ्यापासून बोल्टाच्या भोकापर्यंत तडा. बेल्ट एकही नाही. एक नायलॉनची दोरी होती, तीही कपडे वाळत घालायच्या लायकीची. आणि भिंतीला प्लायवूड कुठलं? नुसता पत्रा! एलआरवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, गाडीचा नंबर एमएचचा, दारात उभी गाडी केएची.

ड्रायव्हरला विचारलं. “मला काय ठाऊक सायेब? बेळगावात माल चढवला, पावती हातात दिली, निघालो.” अनमोड घाट उतरताना मागे धाडकन आवाज आला, हेही त्यानेच सांगितलं. त्याच्यावर माझा राग नाही. बेल्ट आणि ठोकळे पहिल्या गाडीसोबत परत गेले असणार, पुढच्या गिऱ्हाइकाच्या फोटोसाठी.

बंद कंटेनर म्हणजे माल सुरक्षित, हा समज या धंद्यात मुद्दाम पोसला जातो. पाऊस आणि चोर यांच्यापुरतं ते खरं. पण जोराचा ब्रेक लागला की मालाच्या वजनाच्या साधारण ०.८ पट रेटा पुढे येतो असं धरून बांधणी करतात. दीड टनाला तो बाराशे किलो झाला. वळणावर बाजूचा रेटा निम्म्या वजनाइतका धरतात. पत्र्याची भिंत हे झेलायला बनवलेलीच नसते. मशीनवरून आडवा टाकलेला बेल्ट फक्त खाली दाबतो. घसरण थांबवायला चारही बाजूंनी तिरके बेल्ट हवेत, तेही फरशीतल्या, चासीशी पक्क्या जोडलेल्या रिंगांना. बेल्टला शिवलेल्या चिठ्ठीवर ‘एलसी’चा आकडा असतो, त्याची ताकद सांगणारा. चिठ्ठी फाटलेली असेल तर तो बेल्ट नाकारा.

‘इन्शुरन्स’ची कथा याहून सुरस. पॉलिसीचा कागद मागितला तर म्हणे, “ते आमचं अंतर्गत कव्हर असतं, शेठ.” एलआरच्या तळाशी मात्र बारीक अक्षरात ‘ओनर्स रिस्क’, म्हणजे जोखीम मालाच्या मालकाची. पाच हजार कशाचे घेतले, ते त्यालाच ठाऊक. विमा कंपनीचं सर्टिफिकेट, त्यावर एलआर नंबर, हे गाडी सुटण्याआधी हातात आलं नाही तर विमा नाहीच असं समजा.

गाडी बदलली का हे खरं तर घरबसल्या कळायला हवं. पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल (जीएसटीचा माल नेण्याचा ऑनलाइन कागद) लागतं आणि वाटेत गाडी बदलली तर त्याच्या ‘पार्ट बी’त नवा नंबर भरावा लागतो. माझ्या बिलात जुनाच नंबर राहिला होता, आणि आता तोच माझा पुरावा आहे. कोटेशनमध्येच लिहून घ्या: गाडी बदलणार नाही, बदलली तर बांधणीचे नवे फोटो नंबरप्लेटसकट. आणि माल उतरवण्याआधी, दार उघडतानाच व्हिडिओ काढा. डिलिव्हरीच्या पावतीवर ‘माल खराब अवस्थेत मिळाला’ असं लिहून ड्रायव्हरची सही घ्या. हमाल घाई करतील, करू द्या.

‘ओनर्स रिस्क’ छापलं म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्यांचे हात धुतले गेले, असंही नाही. कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ प्रमाणे बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत त्यांना लेखी नोटीस द्यावी लागते, ती चुकवू नका. जादा किंमत जाहीर करून जोखमीचा दर भरला नसेल तर भरपाईची मर्यादा भाड्याच्या दहापट. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

नोटीस पोचल्यावर त्यांचा फोन आला, पुढच्या गाडीला भाड्यात सवलत देतो म्हणाले. मी म्हटलं, आधी तडा गेलेल्या टेबलाचं बिल भरा. त्यावर अजून उत्तर नाही.