बीएमआय, कमरेचा घेर की चरबी दाखवणारा काटा, घरात काय मोजायचं?

भाचीचा फोन आला, मामा, आई-बाबांच्या तब्येतीवर लक्ष ठेवायचंय तर बीएमआय बघू, कमर मोजू की तो चरबीचे टक्के दाखवणारा डिजिटल काटा मागवू? तिला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण आमच्या घरात यावरून एकदा मोठी चूक झालीये.

बीएमआय म्हणजे वजन किलोमध्ये घ्यायचं आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, झालं. फुकटचं काम. बेल्जियमचा केटले नावाचा गणिती १८३० च्या दशकात सरासरी माणूस कसा असतो ते शोधत होता त्यातून हे सूत्र आलं, आणि बीएमआय हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ अन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये दिलं. म्हणजे हजारो लोकांची पाहणी करायला ते झकास आहे, पण चरबी किती, स्नायू किती, पोटावर किती अन् मांडीवर किती, यातलं काहीच त्याला कळत नाही.

आमच्या दादाची उंची १७० सेंटीमीटर, वजन ६६ किलो, बीएमआय २२.८. तक्त्यात एकदम नॉर्मल, त्यामुळे कितीतरी वर्षं कोणालाच काळजी वाटली नाही. हातपाय काटकुळे पण पोटावरची शर्टाची बटणं कायम ताणलेली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तेव्हा शुगर निघाली. मग टेप लावली तर कमर ९४! उंचीच्या निम्म्याच्या आत कमर हवी हा साधा हिशोब धरला तर ती ८५ च्या आत पाहिजे होती. उलट पुतण्या तालमीत जातो, उंची तेवढीच, वजन ८२, बीएमआय २८.४ म्हणजे तक्त्यात लठ्ठ, आणि कमर ८१.

हे फक्त आमच्याच घरात नाहीये. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, दोघांचा बीएमआय सारखाच २२.३, पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक सरांची २१.२. आपली भारतीय शरीरं दिसायला बारीक, आतून चरबीची. म्हणूनच भारतीयांसाठी २५ ऐवजी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, तेव्हा मोबाईलवरचा कॅल्क्युलेटर कुठली मर्यादा लावतोय ते आधी बघा. कमरेची मर्यादा पुरुषांना ९०, बायकांना ८० सेंटीमीटर.

टेपची अडचण एवढीच की लोक चुकीच्या जागी मोजतात. पँटचा नंबर म्हणजे कमर नव्हे हो, पँट आपण पोटाच्या खाली बांधतो! शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे टेप धरायची, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता.

डिजिटल काटा पायातून बारीकसा करंट सोडून चरबीचा अंदाज बांधतो, त्यामुळे अंगात पाणी कमीजास्त झालं की आकडा हलतो, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा. पेसमेकर असेल तर तो वापरायचाच नाही. अचूक हवं तर डेक्सा स्कॅन, म्हणजे एक्स-रेने शरीरातली चरबी मोजणारी तपासणी, असतो, पण घरातल्या लक्ष ठेवण्यासाठी तेवढा खर्च कशाला.

माझं मत टेपच्या बाजूने आहे, तरी वजन सोडून द्यायचं नाही. म्हाताऱ्या माणसाचं वजन काही कारण नसताना उतरायला लागलं, बीएमआय १८.५ च्या खाली गेला, तर टेपवर सगळं छानच दिसणार आणि तेव्हाच डॉक्टरकडे जायला हवं असतं. म्हणून भाचीला साधा वजनकाटा आणि शिंप्याकडची टेप एवढंच घ्यायला लावलं, महिन्याच्या पहिल्या रविवारी चहाच्या आधी दोघांना मोजते आणि आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिते.