पीडीएफ फॉर्मसाठी पायपीडीएफ: आठ महिने वापरल्यानंतर

एका छोट्या शाळेचे प्रवेशअर्ज पीडीएफमध्ये भरून येतात, ते वाचून डेटाबेसमध्ये टाकायचं काम माझी फ्लास्कमधली (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क) स्क्रिप्ट करते, त्यासाठी आठ महिने पायपीडीएफ ही पीडीएफ वाचण्या-लिहिण्याची पायथॉन लायब्ररी वापरतोय. आधी पीडीएफटीके हे कमांडवर चालणारं टूल होतं, तेही चांगलंय, पण सर्व्हरवर जावा ठेवा आणि प्रत्येक अर्जाला बाहेरची कमांड चालवा, हे नको वाटायला लागलं.

वाचण्याबद्दल काही तक्रार नाही. गेट_फील्ड्स हे फंक्शन बोलावलं की फील्डचं (फॉर्ममधल्या भरायच्या जागेचं) नाव, प्रकार, भरलेला मजकूर सगळं मिळतं, मराठीसुद्धा नीट येतं. फक्त चेकबॉक्स सांभाळा. टिक केलेल्या चौकटीचं उत्तर एका फॉर्ममध्ये 'येस', दुसऱ्यात 'ऑन', तिसऱ्यात नुसता १, फॉर्म बनवणाऱ्याने जे ठेवलं असेल ते. म्हणून रिकामं नाही आणि 'ऑफ'ही नाही म्हणजे टिक, असंच तपासतो.

बरेच पालक मोबाइलवर फॉर्म भरून सेव्ह करायच्या ऐवजी प्रिंटमधून पीडीएफ काढतात. दिसायला अर्ज भरलेला, पण आतली फील्डं गेलेली, आणि गेट_फील्ड्स 'नन' (काहीच नाही) देतं. सुरुवातीला असे अर्ज कोरेच जमा झाले, एका आईचा फोन आला तेव्हा कळलं, फार वाईट वाटलं. आता अपलोड होतानाच तपासतो आणि लगेच मराठीत सांगतो की मूळ फाइल सेव्ह करून पाठवा.

खरा त्रास पीडीएफमध्ये मराठी लिहिण्याचा. फील्डमधली माहिती वेगळी आणि तिचं पानावर दिसणारं चित्र वेगळं साठवलेलं असतं. माहिती बरोबर जायची, पण चित्र हेल्व्हेटिका या इंग्रजी फॉन्टमध्ये बनायचं, त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत, मग नावाची जागा कोरी. नीडअपिअरन्सेस ही फॉर्ममधली खूण लावली की चित्र बनवायचं काम बघणाऱ्या अ‍ॅपवर जातं, एकात दिसतं, दुसऱ्यात नाही. नुसता देवनागरी फॉन्ट घालूनही भागत नाही, जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर जाऊन बसते.

शेवटी वीझीप्रिंटने (एचटीएमएलपासून पीडीएफ बनवणारी लायब्ररी) फक्त मजकुराचं पारदर्शक पान बनवलं आणि पायपीडीएफच्या मर्ज_पेजने मूळ फॉर्मवर बसवलं, वीझीप्रिंटमध्ये अक्षरं जुळवणारं पँगो असल्याने ती व्यवस्थित जुळतात. जागा फील्डच्या रेक्टमधून (त्याच्या चौकटीच्या मापांतून) घ्यायची, पण पीडीएफ खालून मोजतं आणि वीझीप्रिंटच्या पानाची मांडणी सांगणारं सीएसएस वरून, त्यामुळे ए४ च्या ८४२ पॉइंट उंचीमधून वजा करायला विसरू नका. 'ज्ञानेश्वर' आता छान उमटतं, लांब पत्त्याला मात्र फॉन्ट अजून हाताने कमी करावा लागतो.