जुन्या पीसीवर मिंट की विंडोज ११? आधी प्रिंटर बघा

विंडोज १०चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे मोफत अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. सोलापुरात नवी पेठेतल्या दुकानात किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात इंटेलच्या चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅमचा पीसी अजून ठणठणीत असेल, तर त्याचं करायचं काय? विंडोज ११ की लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टम?

विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. रुफस (बूटेबल पेनड्राइव्ह बनवायचं सॉफ्टवेअर) वापरून ही अट चुकवता येते, पण मग पुढच्या अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. शिवाय ४ जीबीत ते रखडतंच. गुगलचं क्रोमओएस फ्लेक्स (ब्राउझरभोवती बांधलेली ऑपरेटिंग सिस्टम) फुकट आहे, मात्र बसवताना अख्खी डिस्क पुसतं आणि त्यात प्ले स्टोअर नाही. सगळं काम ब्राउझरमध्येच होत असेल तर घ्या. लिनक्स मिंट २२ला २०२९पर्यंत अपडेट मिळतील. त्यातलं एक्सएफसीई हे हलकं रूप घेतलं तर हाच पीसी सुटसुटीत चालतो.

मिंट बसवायला अर्धा तास पुरतो. घोडं अडतं ते शेजारच्या टेबलावर.

एचपी लेझरजेट १०२० स्वतःचं फर्मवेअर (प्रिंटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) साठवून ठेवत नाही. दर वेळी चालू केला की कॉम्प्युटरने ते पाठवावं लागतं. त्यामुळे मिंटमध्ये प्रिंटरचं नाव दिसतं, पण कागद काही बाहेर येत नाही. नेट चालू ठेवून टर्मिनलमध्ये ‘एचपी-प्लगइन’ (hp-plugin) ही आज्ञा एकदा चालवली की काम होतं. कॅननचा एलबीपी २९०० मात्र हट्टी. त्याचा लिनक्स ड्रायव्हर जुना. बसला तरी एखाद्या अपडेटनंतर प्रिंट रांगेतच अडकते. तो असेल तर नव्या प्रिंटरचे पैसे धरूनच हिशोब करा.

टॅली विंडोजचंच. वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) उघडून दाखवणारे भेटतील. मार्चअखेरीला त्या भरवशावर राहू नका. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे मिंटच्या आतच विंडोज बसवून, चालवायचं तर रॅम ८ जीबी तरी हवी. जॅकार्ड डिझाइनचं (विणकामातल्या नक्षीचं) सॉफ्टवेअर डोंगलवालं, म्हणजे यूएसबी किल्ली लावल्याशिवाय न चालणारं, असेल, तर ते मशीन विंडोजवरच ठेवा.

मराठी टायपिंगची भीती उगाच आहे. इनस्क्रिप्ट (मराठीचा प्रमाण कीबोर्ड) मिंटमध्ये असतंच, कीबोर्डच्या यादीत ‘मराठी, कगप’ हा उच्चारानुसारचा पर्यायही सापडतो. त्रास होतो जुन्या फायलींचा. श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-सॉफ्टवेअरमधलं पत्र उघडलं की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, कारण ते युनिकोड (आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत) नाही. कन्व्हर्टरमधून काढलं तरी रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात. मिंटमध्ये विंडोजचा मंगल फॉन्ट नसल्याने ओळींची लांबी बदलते आणि दोन पानी अर्ज तिसऱ्या पानावर जातो. म्हणून बाहेर पाठवायचं ते पीडीएफ करूनच पाठवा.

थोडक्यात, बिलिंगचा पीसी विंडोजवर, बाकीचे मिंटवर. बिलिंगच्या पीसीवर विंडोज १०च असेल, तर ईएसयू (मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा अपडेटची योजना) घेऊन १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात.

आधी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून मिंट ‘लाइव्ह’, म्हणजे डिस्कवर न बसवता, चालवा. वाय-फाय, आवाज आणि एक प्रिंट तपासा. मग जुन्या हार्डडिस्कची केबल काढून मिंट नव्या एसएसडीवर बसवा. महिनाभर वापरून नाही जमलं, तर केबल परत जोडली की जुनं विंडोज जसंच्या तसं चालू.