कानाच्या मशीनचं डायरेक्शनल सेटिंग: एक पावसाळा आणि एक लग्नसराई काढल्यावर

कंपनी, मॉडेल मुद्दाम लिहीत नाहीये, कारण मधल्या रेंजपासून पुढच्या जवळपास सगळ्या मशीनमधे हे समोरचा आवाज ठेवून मागचा दाबणारं फीचर असतंच, फक्त प्रत्येकाने नाव वेगळं दिलंय. माझं कानामागे बसणारं आहे, दोन्ही कानांना, बारीक वायर येऊन रिसीव्हर (म्हणजे छोटा स्पीकर) कानात बसतो ते, चार्जिंगवालं. ऐकू कमी येतं ते वयोमानाने, म्हणजे जाड आवाज ठीक येतात पण स, श, फ असले बारीक आवाज गायब. घरात दोघंच असताना कुठलंही मशीन चालतं हो, खरी परीक्षा बाहेर, म्हणून हे सगळं फक्त गोंगाटाबद्दल.

"मशीन गोंगाट कमी करतं" असं दुकानात सांगतात त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केलेल्या असतात. एक नॉइज रिडक्शन, ते पंखा, एसी, मिक्सर असा एकसुरी आवाज ओळखून दाबतं, त्याने डोकं दुखत नाही पण समोरचा काय बोलला ते काही खास जास्त कळत नाही. दुसरं डायरेक्शनल, आणि कामाचं हेच. मशीनवर दोन माइक असतात, एक पुढे एक मागे, मधे जेमतेम सेंटीमीटरभर अंतर. मागून येणारा आवाज आधी मागच्या माइकला लागतो आणि साधारण ३० मायक्रोसेकंदांनी पुढच्याला, मग मागच्या माइकचा आवाज तेवढाच थांबवून पुढच्यातून वजा केला की मागचं बरंचसं कटतं आणि समोरचं राहतं. आयडिया १९७० च्या दशकापासूनची आहे, आता फक्त कुठली दिशा कापायची ते चिप ठरवते आणि गोंगाट करणारा सरकला तर तीही सरकते. कानात पूर्ण लपणाऱ्या छोट्या मशीनमधे दुसऱ्या माइकला जागाच नसते, त्यामुळे "दिसायला नको" म्हणून ते घेणार असाल तर हे सोडावं लागतं.

आता हॉटेल. आमचा रविवार सकाळचा मिसळीचा ग्रुप आहे कोथरूडात, तिथे स्टीलच्या ताटल्या आदळतात, पोऱ्या आतल्या खिडकीत "दोन मिसळ, एक जादा तर्री" ओरडतो, वर फरशी आणि काच. पहिल्यांदा मी आपला कोपरा पकडून भिंतीला पाठ लावून बसायचो, जुनी सवय, आणि मशीनचा उपयोग शून्य, कारण सगळं हॉटेल माझ्या समोर आणि मशीन नेमकं समोरचंच उचलणार. ऑडिओलॉजिस्ट (कान तपासून मशीन लावून देणाऱ्या) मॅडमनी सांगितलं उलटं बसा, तुमची पाठ गर्दीकडे आणि ज्याचं ऐकायचंय तो भिंतीकडे. एवढ्याने जो फरक पडला तो ॲपमधली सगळी बटणं फिरवून पडला नव्हता. पण समोरचा हातभर-दोन हात अंतरावर पाहिजे, टेबलाच्या पलीकडच्या टोकाचा माणूस अजूनही नुसता ओठ हलवतो. आणि मागून नात "आजोबा, आजोबा" करत शर्ट ओढेपर्यंत मला पत्ता नसतो, हा त्याचाच दुसरा भाग.

एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही ती म्हणजे डोम. कानात जाणारा रबरी भाग मोठ्या भोकांचा असेल तर बाहेरचा जाड गोंगाट त्या भोकांतून थेट पडद्यापर्यंत जातो, मशीनने कितीही वजाबाकी केली तरी तो कापला जात नाही. मला मॅडमनी बंद डोम लावला, हॉटेलात लगेच बरं वाटलं, पण स्वतःचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा यायला लागला. पंधरा-वीस दिवस वैताग झाला, मग सवय झाली. ज्यांचं जाड आवाजांचं ऐकणं एकदम चांगलं आहे त्यांना हे नाही झेपणार बहुतेक.

मंगल कार्यालय म्हणाल तर तिथे सरळ हार. उंच छत, टाइल्स, सनई स्पीकरवर, आवाज भिंतींवर आपटून चारी बाजूंनी येतो, मग पुढचा कुठला आणि मागचा कुठला हे मशीनला तरी कसं कळणार. पुतण्याच्या लग्नात पंगतीत शेजारचे पाहुणे काय बोलले देव जाणे, मी हसून मान डोलवली. अशा ठिकाणी आणि गाडीत क्लिप माइक घ्यावा लागतो, बोलणाऱ्याच्या कॉलरला लावायचा, त्याचा आवाज थेट मशीनमधे येतो. मुलगा गाडी चालवतो, मी शेजारी, सूनबाई मागे, म्हणजे समोर बघून ऐकायची सोयच नाही. वेगळे पैसे पडतात, पण गाडीत डायरेक्शनलपेक्षा तोच कितीतरी सरस.

गाण्याला मात्र हे सगळं बंद करायचं! ऑटोवर ठेवून मैफलीला बसलो तर तानपुरा हळूहळू मागे मागे जायला लागला, मशीनला तो पंख्यासारखाच एकसुरी आवाज वाटतो ना. बासरीचा लांब सूर तर थरथरायला लागला, तो मशीनने स्वतःच शिट्टी मारू नये म्हणून असलेल्या सेटिंगचा प्रताप. म्युझिक प्रोग्रॅम वेगळा करून घ्या, त्यात डायरेक्शनल, नॉइज रिडक्शन दोन्ही बंद आणि शिट्टीवालं कमीत कमी.

पावसाळ्यात एकदा सगळं बिघडलं, हॉटेलात पुन्हा पहिल्यासारखा कल्ला. आवाज तर येत होता, त्यामुळे मशीन खराब असं वाटेना. मॅडमनी भिंग लावून दाखवलं, मागच्या माइकच्या जाळीत घाम आणि धूळ मिळून चिकट थर बसलेला. दोन माइक सारखे ऐकत नसतील तर वजाबाकी चुकणारच. आता रोज रात्री कोरड्या ब्रशने जाळ्या झाडतो, मशीन उलटं करून जाळीच्या खालून ब्रश धरून, म्हणजे कचरा आत पडत नाही, आणि मशीन सिलिका जेलच्या डबीत.

स्कूटरवर हेल्मेट काढताना मशीन उडतं, शिवाय वाऱ्याने दोन माइकवाल्या सेटिंगला नुसता घरघराट होतो, म्हणून चालवताना मी काढूनच ठेवतो. जोडी लाखाच्या वर गेली. बिल नीट बघा, हिअरिंग एडवर जीएसटी नाहीये. आणि ट्रायल दुकानाच्या शांत खोलीत घेऊन काही कळत नाही, चार दिवस घरी द्या म्हणावं आणि सोबत दोन प्रकारचे डोम मागून घ्या.